बर्लिनमधलं एक सेमिस्टर आणि माझी एक तक्रार

(परदेशी शिक्षणासाठी जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेत बसत नाही, कारण मला वीस मिनिटं दिली आहेत आणि समोर बसलेल्या मुलामुलींना चहाची वाट पाहायला लावणं बरं नव्हे. मला विषय दिला होता 'परदेशी विद्यापीठातले माझे अनुभव'. असं भाषण कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. तिथे बस वेळेवर येते, रस्ते स्वच्छ असतात, मेहनत करा, तुम्हीही जाल. हे सगळं खरंच आहे. पण मी तिथे एक चूक केली होती आणि ती झाकायला दुसरी, जास्त वाईट चूक केली होती. आज त्याबद्दल बोलणार आहे. आयोजकांना मी हे आधी सांगितलं नव्हतं, त्याबद्दल माफी.

मी कराडजवळच्या गावचा. अब्बा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. घरात दख्खनी, शाळा मराठी, आडनाव इनामदार. पुण्यात इंजिनिअरिंगला आलो तेव्हा खोली शोधायला निघालो. आमच्या आडनावाची एक गंमत आहे. 'इनामदार' म्हटलं की मालकीणबाई पाणी आणून द्यायच्या, गाव कुठलं विचारायच्या, भाडंही सांगायच्या. मग पूर्ण नाव विचारायच्या. ते सांगितलं की त्यांना एकदम आठवायचं की खोली भाच्यासाठी ठेवली आहे. अशा चार खोल्या मी पाहिल्या आणि चारही भाच्यांना गेल्या. इथे बसलेल्या बऱ्याच जणांना हे भाचे ठाऊक असतील. हे आधी सांगतोय, कारण पुढे जे घडलं त्यात हा राग माझ्या खिशात होता.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये, चौथ्या वर्षाला असताना, कॉलेजच्या करारातून मला एका सेमिस्टरसाठी बर्लिनच्या एका विद्यापीठात पाठवलं. विद्यापीठाचं नाव घेत नाही, गरजही नाही. शिकवणी फी नव्हती. सेमिस्टरची एक वर्गणी भरली की त्यातच शहरभर फिरायचा पास मिळायचा. अब्बांचा यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. फी नाही म्हणजे नंतर काहीतरी घेणार, असं ते म्हणायचे.

पहिले काही आठवडे गमतीचे गेले. वेळापत्रकात लेक्चर दहाला लिहिलेलं असायचं आणि मी पावणेदहाला जाऊन बसायचो. वर्ग रिकामा. तिथे रिवाज असा की दहा लिहिलं तर सव्वादहा समजायचं, त्याला ते 'अकादमिक पाव तास' म्हणतात. जर्मन माणूस वेळेचा पक्का, हे ऐकून गेलेल्या माझ्यासारख्याला हा मोठाच दिलासा होता. लेक्चर संपलं की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाक ठोकतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, प्रोफेसरांचं काहीतरी चुकलंय आणि मुलं गोंधळ घालतायत. गुणांचा प्रकार तर उलटाच. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे कसाबसा पास. एका परीक्षेत १.७ मिळाले ते मी आनंदाने घरी कळवले, तर अम्मी म्हणाली, "असू दे बेटा, पुढच्या वेळी जास्त आण."

आता मुद्द्याचं. तिथे लेक्चर हा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा म्हणजे 'यूबुंग', सरावाचा तास. दर आठवड्याला एक शीट मिळते. ती सोडवून द्यायची, तपासून घ्यायची आणि त्यावर छोट्या गटात चर्चा करायची. माझ्या ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या विषयात शीटचे निम्मे गुण मिळाल्याशिवाय परीक्षेला बसताच येत नव्हतं. आणि शीटचे प्रश्न असे की गाइडमध्ये उत्तर सापडणार नाही. आपल्याकडे चार वर्षं मी काय केलं होतं? इथे इंजिनिअरिंगची मुलं आहेत, ती आत्ताच हसायला लागलीत. पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या शीटला आम्ही जीटी मारायचो. ग्लास ट्रेसिंग. काचेखाली बल्ब, काचेवर टॉपरची शीट, तिच्यावर आपली. पुढे जर्नलं आली, तीही सबमिशनच्या आदल्या रात्री एकाची सगळ्यांनी उतरवायची. सरांना माहीत असायचं, आम्हालाही माहीत असायचं की त्यांना माहीत आहे. याला आम्ही चोरी म्हणत नव्हतो. 'सबमिशन' म्हणत होतो. मदत न करणारा मुलगा उलट स्वार्थी ठरायचा.

बर्लिनला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक तासभर याच विषयावर बसवलं होतं. दुसऱ्याचं काय घेतलं तर कसं नमूद करायचं, काय चालत नाही, वगैरे. त्या वर्षी तिथे हा विषय तापलेला होता. फेब्रुवारीत संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधात उचललेला मजकूर सापडला, बायरॉइट विद्यापीठाने त्यांची पदवी काढून घेतली आणि १ मार्च २०११ ला त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. हे मी ऐकलं आणि मनात म्हटलं, मंत्री लोकांचं काय सांगताय. तो माझ्यासाठी आहे असं मला वाटलंच नाही.

मी ज्या फ्लॅटमध्ये राहत होतो तिथे तीन खोल्या होत्या. एका खोलीत एक तुर्की मुलगी राहायची. तुर्की म्हणजे आपण म्हणतो म्हणून. ती जन्मली बर्लिनमध्ये, शिकली बर्लिनमध्ये, तुर्कस्तानला उन्हाळ्याच्या सुट्टीत जायची. १९६१ साली जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी कामगार आणले, त्यांना 'पाहुणे कामगार' म्हणत. त्यातले एक तिचे आजोबा. पाहुण्यांची तिसरी पिढी. १८ वर्षांची झाल्यावर तिला सरकारी पत्र आलं होतं की २३ च्या आत जर्मन किंवा तुर्की यापैकी एक नागरिकत्व निवड. हा नियम पुढे २०१४ मध्ये बराच सैल झाला, पण तेव्हा तो होता. पार्टीत लोक मला विचारायचे, कुठून आलास? मी म्हणायचो इंडिया, की लगेच योग, सिनेमा, गप्पा. तिला विचारायचे, कुठून आलीस? ती म्हणायची क्रॉइत्सबर्ग. मग लोक म्हणायचे, "नाही, म्हणजे मूळची?" मला त्या प्रश्नाची मजा वाटायची. तिला जन्मभर पुरला होता.

६ नोव्हेंबरला तिथे बकरी ईद होती. तिच्या वडिलांबरोबर मी कोलुम्बियाडामवरच्या शेहितलिक मशिदीत नमाजला गेलो. खुत्बा तुर्कीत, मला एक अक्षर कळलं नाही, पण दुवा मागताना सगळ्यांचे चेहरे आमच्या गावच्या ईदगाहवर असतात तसेच. त्यांच्या घरी जेवलो. त्याच आठवड्यात जर्मनीला हादरवणारी बातमी यायला लागली.

तुमच्यापैकी अनेकांना ती माहीत नसेल म्हणून सांगतो. २००० ते २००७ या काळात जर्मनीच्या वेगवेगळ्या शहरांत दहा जणांचे खून झाले. आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक, एक महिला पोलीस. फुलवाला, शिंपी, भाजीवाला, असे छोटे धंदेवाले. इतकी वर्षं पोलीस तपास करत होते तो मयतांच्या घरच्यांचा. अमली पदार्थांचा व्यवहार असेल, जुगार असेल, घरातलं भांडण असेल. वर्तमानपत्रांनी त्याला 'डोनर मर्डर' असं नाव दिलं होतं, डोनर म्हणजे ते तुर्की मांसाचं सँडविच. ४ नोव्हेंबर २०११ ला आयझेनाख गावात बँक लुटून पळालेले दोघे एका गाडीत मेलेले सापडले आणि त्यातून उलगडलं की हे सगळं एका नव-नाझी टोळीचं काम होतं. 'एनएसयू' हे तिचं नाव.

आमच्या फ्लॅटमध्ये त्या दिवसांत टीव्ही बंद व्हायचा नाही. माझी ती फ्लॅटमेट भांडी घासताघासता थांबायची आणि नुसतीच उभी राहायची. मी तिला मालेगावबद्दल सांगितलं. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बरातचा दिवस, जुम्माची नमाज नुकतीच संपलेली, बडा कब्रस्तानजवळ स्फोट. मेलेले बहुतेक मुसलमान आणि पकडलेले नऊजणही मुसलमान. योगायोग असा की त्यातले सात जण पाच वर्षांनी जामिनावर सुटले ते त्याच नोव्हेंबर २०११ मध्ये. पुढे २०१६ ला न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. मी तिला म्हणालो, आपली गोष्ट एकच आहे. ती काही बोलली नाही, पण तेव्हापासून ती मला आपला समजायला लागली.

आता डिसेंबर. चौथी शीट. मेमरी वाटप करणारा प्रोग्राम सी भाषेत लिहायचा होता, म्हणजे आपण ज्याला मॅलॉक म्हणतो तोच स्वतः बनवायचा. दोन रात्री मी झगडलो. प्रोग्राम चालायचा, मग मधेच कोसळायचा. तिसऱ्या रात्री तिथे मास्टर्स करणाऱ्या एका भारतीय मित्राकडून आदल्या वर्षीचं उत्तर घेतलं. व्हेरिएबलची नावं बदलली, कॉमेंट नव्या लिहिल्या, फंक्शन्सचा क्रम फिरवला. चांगली दीड तास मेहनत केली. तेवढ्या वेळात कदाचित माझा स्वतःचा प्रोग्राम दुरुस्त झाला असता.

आठवड्याने ईमेल आला. यूबुंग घेणारा असिस्टंट, पीएचडी करणारा साधारण तिशीचा मुलगा, त्याने भेटायला बोलावलं होतं. ट्रेनमध्ये बसल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. वर्गात पन्नास पोरं, मलाच का? माझं नाव बघूनच. पुण्यातले चार भाचे आठवले. टीव्हीवरच्या बातम्या आठवल्या. त्याच्या खोलीत शिरेपर्यंत मी स्वतःला इतकं पटवलं होतं की शीट उतरवली होती ही गोष्ट मला जवळजवळ आठवतच नव्हती.

तो म्हणाला, तुझ्या सबमिशनबद्दल बोलायचंय. मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. मी म्हणालो, "तू माझं नाव पाहून मला बोलावलंस. मी मुसलमान आहे म्हणून. तुमच्या देशात काय चाललंय ते मी बघतोय."

तो लाल झाला. बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

तिथे एक प्रोग्राम वापरत असत, जेप्लॅग. कार्ल्सरूह विद्यापीठात १९९६ मध्ये बनलेला. तो कसा चालतो ते मी आज नोकरीतल्या ज्युनिअर मुलांना समजावतो, म्हणून थोडक्यात तुम्हालाही सांगतो. तो तुमचा प्रोग्राम वाचतो आणि त्याचे तुकडे करतो: इथे लूप सुरू झाला, इथे किंमत भरली, इथे फंक्शन बोलावलं. तुम्ही कशाला काय नाव दिलंय ते तो टाकून देतो. कॉमेंटही टाकून देतो. मग उरलेल्या सांगाड्यांची एकमेकांशी तुलना करतो आणि लांबच लांब सारखे पट्टे शोधतो. म्हणजे मी दीड तास जे बदलत होतो, ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हतं. स्क्रीनवर विद्यार्थ्यांची नावंही नव्हती, नुसते विद्यार्थी क्रमांक. सर्वात वरची जोडी माझी नव्हती. ती दोन जर्मन मुलांची निघाली, त्यांना माझ्या आधी त्याच सकाळी बोलावून झालं होतं. मी तिसऱ्या ओळीत होतो, आदल्या वर्षीच्या एका क्रमांकाबरोबर. आणि असिस्टंटने बोट ठेवून दाखवलं ते मला जास्त लागलं. मूळ उत्तरात सीमारेषेची एक चूक होती, ब्लॉकचा आकार एका बाइटने कमी मोजला जात होता. ती चूकही मी जशीच्या तशी उतरवली होती.

माझे त्या विषयातले सगळे गुण गेले. परीक्षेला बसता आलं नाही. सहा क्रेडिट गेली, आणि तो पेपर मला परत येऊन पुण्यात द्यावा लागला. ही शिक्षा मला मान्य आहे, तिच्याबद्दल काही तक्रार नाही. त्या खोलीत मी माफी मात्र मागितली नाही. "ओके" म्हणालो आणि निघालो.

रात्री फ्लॅटमेटला सांगितलं. खरं सांगायचं तर मला सहानुभूती हवी होती, म्हणून थोडं वळवूनच सांगितलं. तिने सरळ विचारलं, उतरवलं होतंस की नाही? मी म्हणालो, उतरवलं होतं, पण... ती म्हणाली, "पण काय? ती दहा माणसं मेली ती तुझ्या होमवर्कसाठी मेली का?" आणि दार लावून घेतलं. तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

जानेवारीत तिला घर बदलायचं होतं. तेव्हा तिने मला पुन्हा बोलवलं, म्हणजे मदतीला नव्हे, साक्षीदार म्हणून. एका जाहिरातीवर तिने फोन केला, नाव सांगितलं. खोली गेली, असं उत्तर आलं. अर्ध्या तासाने तिच्या एका जर्मन मैत्रिणीने त्याच नंबरवर फोन केला. तिला शनिवारी बघायला बोलावलं. तिने वहीत तारीख, वेळ, दोन्ही उत्तरं लिहून ठेवली. त्या वहीत अशा आधीच्या कितीतरी नोंदी होत्या, आणि जिथे तिला सरळ बोलावलं होतं त्याही तिने तितक्याच नीट लिहिल्या होत्या. जर्मन बर्लिन आणि पुण्याचे भाचे यांत मला काही फरक दिसला नाही. फरक होता तो तिच्या वहीत आणि माझ्या डोक्यात. माझ्या डोक्यात नोंदी नव्हत्या, फक्त राग होता.

इथे एक गोष्ट, जी मला नंतर वाचनात सापडली. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला पीएचडी करायला गेल्या होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे मोठे शास्त्रज्ञ. कवट्यांच्या आकारावरून गोऱ्या युरोपीय वंशाचं वेगळेपण दिसतं, अशी त्यांची धारणा. कर्व्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की मोजमापांत तसं काही दिसत नाही. गाईडच्या विरुद्ध. परक्या देशात, एकटी मराठी बाई. त्यांनी 'हे लोक वंशवादी आहेत' एवढं म्हणून सोडलं असतं तरी ते खरंच ठरलं असतं. त्या मोजत बसल्या.

आपल्यावर अन्याय होत नाही असं मी म्हणतोय, असा अर्थ कृपा करून काढू नका. काही लोक माझं हे बोलणं त्यासाठी वापरतील हे मला माहीत आहे, व्हॉट्सॲपवर तेवढाच तुकडा कापून फिरवतील. माझा राग त्यांच्यावरही आहे. पण मी त्या असिस्टंटला जे बोललो त्याची किंमत मी दिली नाही. ती किंमत पुढच्या मुलाने किंवा मुलीने दिली असेल, जिच्यावर खरोखर अन्याय झाला आणि जी खरोखर तक्रार घेऊन त्या खोलीत गेली. तिच्याकडे त्याने कोणत्या नजरेने पाहिलं असेल, हे मला कधीच कळणार नाही.

२३ फेब्रुवारी २०१२ ला बर्लिनमध्ये त्या मयतांसाठी सरकारी शोकसभा झाली. चॅन्सलर मर्केल यांनी कुटुंबांची माफी मागितली, कारण इतकी वर्षं संशय त्यांच्यावरच घेतला गेला होता. पहिला बळी एन्व्हर शिमशेक, फुलांचा व्यापारी, त्यांची मुलगी सेमिया तिथे बोलली. वडील गेले तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. दुपारी बारा वाजता देशभर एक मिनिट शांतता पाळली. मी तेव्हा विद्यापीठाच्या लायब्ररीबाहेर होतो. सगळेच थांबले असं नाही, काही जण कॉफी घेऊन चालत राहिले.

त्या संध्याकाळी मी असिस्टंटला ईमेल लिहिला. चार वेळा लिहून खोडला. पहिल्या तीन मसुद्यांत 'पण' होता. शेवटी लिहिलं की उतारा मी केला होता आणि त्याच्यावर केलेला आरोप खोटा होता, तो मला बोलतानाही खोटा आहे हे आत कुठेतरी माहीत होतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तीन ओळींचं. आभार मानले होते. आणि लिहिलं होतं की गुण मिळणार नाहीत, पण चौथी शीट स्वतः सोडवून पाठवलीस तर मी तपासून देईन.

परतायला दोन आठवडे होते. मी सोडवली. त्याने तपासून पाठवली, लाल शेऱ्यांनी भरलेली. चूक होतीच, पण यावेळी ती माझी होती.

कराडला आल्यावर अब्बांना मी अर्धंच सांगितलं होतं. एक पेपर राहिला, एवढंच. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पेपरात बातमी आली की जर्मनीच्या शिक्षणमंत्री शावान यांची डॉक्टरेट प्रबंधातल्या उचलेगिरीमुळे रद्द झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. अब्बांनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाले, शिक्षणमंत्रीच? त्या दिवशी उरलेलं सांगितलं. ते काही वेळ चहा ढवळत राहिले. मग विचारलं, "त्या पोराला सॉरी बोललास का?" बोललो म्हटलं. "मग ठीक." त्यावर पुन्हा कधी विषय निघाला नाही.

अर्ज कसे करायचे, ब्लॉक्ड अकाउंट काय असतं, शिफारसपत्र कुणाकडून घ्यायचं, याची माहिती मी छापून आणली आहे, मागच्या टेबलावर आहे. माझी तिथली मार्कशीटही ठेवली आहे. ऑपरेटिंग सिस्टिम्सचा विषय तिच्यात कुठेच नाही. नोकरीच्या मुलाखतीत दोनदा विचारलं गेलं की त्या सेमिस्टरला क्रेडिट कमी का आहेत. एकदा मी आजारी होतो असं सांगितलं. दुसऱ्यांदा खरं सांगितलं. नोकरी कुठे मिळाली ते चहाच्या वेळी विचारा.